धाग्यांचा कारभार कोणाकडे?

एका संगणकाकडून एकाच वेळी अनेक कामे करून घ्यावयाची, तर कोणत्या कामाने केव्हा पुढे यावे हे कोणीतरी ठरविले पाहिजे. हा अधिकार मध्यवर्ती कार्यप्रणालीचा, की ज्या आज्ञावलीची ती कामे असतात तिचा, हा वाद जुना आहे.

अमेरिकेतील मेल्विन कॉनवे यांनी १९५८ साली ‘कोरूटीन’ ही संज्ञा योजिली आणि १९६३ साली ती कल्पना लेखरूपाने मांडली. कामांनी आपण होऊन परस्परांस वाट द्यावी व पुन्हा संधी मिळताच थांबल्या जागेवरून पुढे चालावे, हे तिचे सूत्र. आज्ञावलीच्या पोटातील ‘थ्रेड’ म्हणजे धागे याच सूत्रावर चालविता येतात. त्यात प्रत्येक वेळी कार्यप्रणालीच्या दारी जावे लागत नाही. म्हणून खर्च थोडा. परंतु एक धागा बाहेरच्या माहितीसाठी खोळंबला की सारेच खोळंबतात. आणि यंत्रात प्रोसेसर अनेक असले, तरी कार्यप्रणालीस काम एकच दिसते. १९९१ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील टॉमस अँडरसन व सहकाऱ्यांनी यावर तोड सुचविली. कार्यप्रणालीने प्रोसेसर द्यावेत, धागा अडकल्यास तसे कळवावे. पुढचा धागा मात्र आज्ञावलीनेच निवडावा.

दुसरी अडचण यंत्रायंत्रांतील भेदाची होती. प्रत्येक धाग्यास अर्धवट कामाची टिपणे ठेवण्याकरिता स्वतःचा ‘स्टॅक’ लागतो. तो उभारण्याची रीत प्रत्येक प्रोसेसरची निराळी. त्यामुळे ग्रंथालय म्हटल्या जाणाऱ्या तयार आज्ञासंग्रहाचा हा भाग यंत्रागणिक नव्याने लिहावा लागे. जर्मनीच्या राल्फ एंगेलशाल यांनी १९९९ साली ‘ग्नू पीटीएच’ हा संग्रह सिद्ध केला व २००० साली त्यातील युक्ती विशद केली. युनिक्स प्रणालीत आकस्मिक इशाऱ्याचे काम वेगळ्या स्टॅकवर करण्याची सोय होतीच. त्या निमित्ताने नव्या स्टॅकवर प्रवेश करावयाचा, तेथील स्थिती टिपून परतावयाचे आणि तीच नव्या धाग्याचा आरंभ मानावयाची. यंत्रभाषेची गरजच उरली नाही.

पुढे २००२ मध्ये सोलॅरिस ९ने आणि २००३ मध्ये लिनक्सने दुहेरी कारभाराचा गुंता नको म्हणून प्रत्येक धागा कार्यप्रणालीच्याच स्वाधीन केला. वाद मिटला असे वाटले. पण हजारो ग्राहकांस एकाच वेळी उत्तर देणाऱ्या यंत्रांना तो भार जड झाला. २००९ साली प्रकट झालेल्या ‘गो’ भाषेने हलक्या धाग्यांचा कारभार पुन्हा आज्ञावलीकडे घेतला. जुने ‘ग्रीन थ्रेड’ टाकून दिलेल्या ‘जावा’नेही २०२३ साली तीच वाट धरली. मात्र या वेळी अनेक हलके धागे कार्यप्रणालीच्या थोड्या धाग्यांवर वाटून दिले जातात. एकट्याचा अंमल दोघांपैकी कोणालाही पेलला नाही.