उन्हाळी सुट्टीतील कौटुंबिक सहल (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील शाळांना उन्हाळ्यात लागणाऱ्या दीर्घ सुट्टीत लहान मुलांसह केलेल्या कौटुंबिक प्रवासास उन्हाळी सुट्टीतील कौटुंबिक सहल असे म्हणता येते. आजोळचा मुक्काम, कुलदैवताचे दर्शन, थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकिनारी काढलेले चार दिवस, आणि शहरातल्या शहरात एका दिवसात होणारी बागेची वा प्राणिसंग्रहालयाची भेट हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. वर्षातील सर्वांत मोठी सुट्टी आणि सर्वांत कडक ऊन ही दोन्ही एकाच वेळी येत असल्यामुळे या सहलींचे स्थळ, वेळ, आहार आणि बालकांची काळजी यांसंबंधी काही संकेत समाजात रूढ झाले आहेत.

== कालावधी ==

महाराष्ट्रातील बहुसंख्य प्राथमिक व माध्यमिक शाळांचा वार्षिक निकाल १ मे या महाराष्ट्र दिनाच्या सुमारास लागतो आणि त्यानंतर सुट्टी सुरू होते. नवे शैक्षणिक वर्ष साधारणतः जूनच्या मध्यास उघडते. विदर्भात उन्हाचा कडाका जूनमध्येही टिकून राहत असल्याने तेथील शाळा जूनच्या उत्तरार्धात सुरू करण्याची पद्धत आहे.

सहलींचा मुख्य काळ मे महिन्याचे पहिले तीन आठवडे हा होय. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकण किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाचे आगमन होते, समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावरील प्रवासी होड्या बंद होतात. नव्या इयत्तेची वह्या-पुस्तके, गणवेश आणि छत्री यांची खरेदीही याच काळात येते; त्यामुळे मे संपण्यापूर्वी परतण्याकडे कुटुंबांचा कल असतो.

== इतिहास ==

रेल्वेपूर्व काळात कौटुंबिक प्रवास मुख्यतः तीर्थयात्रा, जत्रा, लग्नकार्य आणि माहेर या निमित्तांनी होत असे व तो बैलगाडीने केला जाई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढे बोरघाटातून लोहमार्ग गेल्यावर मुंबई, पुणे व घाटमाथा ही ठिकाणे परस्परांच्या जवळ आली. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत काम करणारा चाकरमानी वर्ग उन्हाळ्यात बायकामुलांना गावी नेऊ लागला. कोकणात जाण्यासाठी दीर्घकाळ आगबोट हेच मुख्य साधन होते.

स्वातंत्र्योत्तर काळात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यानंतरच्या दशकांत ‘एस.टी.’ खेडोपाडी पोचली आणि लोहमार्गापासून दूर असलेले आजोळही मुलांच्या आवाक्यात आले. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांकडील प्रवास सुकर झाला. मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीवरील ग. दि. माडगूळकर यांचे बालगीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या गायले जात आहे.

== प्रकार ==

=== आजोळ ===

आईचे माहेर म्हणजे मुलांचे आजोळ. उन्हाळी सुट्टीतील आजोळचा मुक्काम हा या सहलींचा सर्वांत जुना व सर्वांत कमी खर्चाचा प्रकार होय. मामेभाऊ व मावसभावंडे एकत्र जमल्याने मुलांना समवयस्कांचा सहवास मिळतो. वाळवणांची राखण, कुरडईचा चीक खाणे, आंब्याची अढी उलटणे, करवंदे व जांभळे गोळा करणे, अंगणात किंवा गच्चीवर झोपणे ही या मुक्कामाची ठळक अंगे होत. गावच्या विहिरीत पोहणे शिकविण्याची प्रथाही याच काळातली. शिकाऊ मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधून त्यास पाण्यात सोडले जाई.

आजोळाचा दुसरा, तितकाच महत्त्वाचा उद्देश मुलांच्या आईशी निगडित होता. सासरी वर्षभर घरकाम करणाऱ्या स्त्रीस हक्काची विश्रांती मिळण्याची ही जवळजवळ एकमेव संधी असे. मुले आजी, मावशी व मामी यांच्या हाती सोपविली जात आणि तिला काही दिवस मोकळे मिळत. तथापि त्याच घरातील मामीच्या वाट्यास मात्र याच दिवसांत कामाचा भार येई, ही या प्रथेची दुसरी बाजू होय.

=== थंड हवेची ठिकाणे ===

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून ब्रिटिश काळात ते मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी होते. तेथील वेण्णा तलावातील नौकाविहार आणि परिसरातील स्ट्रॉबेरी ही मुलांची विशेष आकर्षणे आहेत. जवळच पाचगणी आहे. विदर्भातील कुटुंबांसाठी अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा, खानदेशासाठी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ, तर दक्षिण कोकणासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली ही जवळची ठिकाणे होत.

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे सुमारे ८०० मीटर उंचीवरील ठिकाण लहान मुलांच्या दृष्टीने वैशिष्ट्यपूर्ण आहे. तेथे खाजगी मोटारींना प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्याजवळ थांबवाव्या लागतात. पुढील प्रवास पायी, घोड्यावरून, ई-रिक्षाने किंवा छोट्या गाडीने होतो. मोटारींच्या अभावी रस्त्यावर मुले मोकळेपणाने चालू शकतात. नेरळ ते माथेरान हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या या अंतरास गाडी दोन तासांहून अधिक वेळ घेते. पावसाळ्यात नेरळकडील भाग बंद असतो, मात्र अमन लॉज ते माथेरान ही फेरी चालू राहते. येथील ‘पॉइंट’ खोल कड्यांच्या टोकाशी असल्याने मुलाचा हात धरून उभे राहणे आवश्यक असते. माकडे हातातील खाऊ हिसकावून घेतात. म्हणून खाण्याचे पदार्थ उघडे नेऊ नयेत.

=== समुद्रकिनारा ===

अलिबाग, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण येथील किनारे कुटुंबांच्या पसंतीचे आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी किंवा घोडागाडीने गाठता येतो. भरती सुरू झाल्यावर हीच वाट पाण्याखाली जाते. मुलांसह गेलेल्या कुटुंबाने परतीची वेळ आधी ठरवून घेणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

भरतीची वेळ ओळखण्याचा एक पारंपरिक ठोकताळा कोकणात प्रचलित आहे. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, पंचमीस पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. म्हणून त्या दिवशी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती असते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा केवळ अंदाज असून त्या दिवसाचे प्रसिद्ध वेळापत्रक व स्थानिक कोळी बांधवांचा सल्ला हाच अधिक विश्वसनीय मानावा.

=== शहरातील सहली ===

ज्यांना गाव नाही किंवा मुक्कामाचा खर्च झेपत नाही अशा कुटुंबांसाठी सार्वजनिक बागा हीच सुट्टीतील सहल असते. मुंबईत भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच पूर्वीची ‘राणीची बाग’, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून लोकांसाठी खुली आहे. २०१७ पासून तेथील हंबोल्ट पेंग्विन पाहण्यास मुलांची गर्दी होते. मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यानातील ‘म्हातारीचा बूट’ हे कित्येक पिढ्यांच्या छायाचित्रांतून दिसणारे स्थळ आहे. पुण्यातील पेशवे उद्यानात १९५६ पासून धावू लागलेली ‘फुलराणी’ ही मुलांची आगगाडी शहराच्या बालस्मृतींचा भाग बनली आहे. तेथील प्राणी पुढे कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले.

== प्रवास आणि शिदोरी ==

एस.टी. बसमध्ये पाच वर्षांखालील मुलांना भाडे नसते व पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांना अर्धे भाडे असते. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली; त्यामुळे मुलांना घेऊन माहेरी जाणाऱ्या आईचा खर्च बराच कमी झाला. रेल्वेच्या आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका घेतल्यास एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. शायिका न घेतल्यास अर्धे भाडे पडते.

प्रवासातील शिदोरीत उन्हाळ्यातही टिकणारे पदार्थ निवडले जातात. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी चटणी, गुळपापडीच्या वड्या व भाजलेले शेंगदाणे हे त्यांतील नेहमीचे पदार्थ होत. पन्हे, ताक व कोकम सरबत ही पेये तहान भागवितात व अंगातील क्षारही भरून काढतात. उघड्यावर मिळणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. म्हणून बर्फाचा गोळा व रस मुलांना देताना सावधगिरी बाळगावी.

== बालकांची काळजी ==

=== ऊन ===

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, किनारपट्टीवर ३७ अंश व डोंगराळ भागात ३० अंश असताना आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असताना उष्णतेची लाट मानली जाते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि तहान लागल्याचे ती वेळीच सांगू शकत नाहीत. दुपारी १२ ते ४ या वेळेत त्यांना सावलीत ठेवावे, सैल सुती कपडे व टोपी घालावी आणि मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. सहा महिन्यांखालील बाळास वरचे पाणी न देता अधिक वेळा स्तनपान द्यावे.

जुलाब-उलट्या झाल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ती घरी करता येते. मूल ग्लानीत गेले, असंबद्ध बोलू लागले किंवा अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी त्यास सावलीत नेऊन अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. ‘लगेच येतो’ म्हणून झोपलेल्या मुलास मोटारीत ठेवून जाणे प्राणघातक ठरू शकते.

=== पाणी ===

विहीर, शेततळे, धरणाचा जलाशय, नदीतील डोह आणि समुद्र ही सुट्टीतील अपघातांची नेहमीची स्थळे आहेत. शेततळ्यातील प्लॅस्टिकचे अस्तर निसरडे असल्याने पोहता येणारी व्यक्तीही सहजासहजी वर येऊ शकत नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही; त्यामुळे मुले पाण्यात असताना एका प्रौढाने अन्य कोणतेही काम न करता त्यांच्यावर लक्ष ठेवावे व तो हाताच्या अंतरावर असावा. अनेक मोठी माणसे उपस्थित असली की प्रत्येकास दुसरा पाहत आहे असे वाटते. म्हणून ही जबाबदारी नाव घेऊन सोपविणे योग्य.

=== विंचूदंश ===

कोकणात उन्हाळ्यात लाल विंचवाचा दंश हा मुलांच्या जिवावर बेतणारा धोका होता. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. लाकडे व दगड हाताळताना काळजी घेणे, पादत्राणे झटकून घालणे आणि दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न घालविता रुग्णालय गाठणे हाच योग्य मार्ग आहे.

=== चुकामूक ===

जत्रा, स्थानक व किनाऱ्यावरील गर्दीत मूल हरवण्याचा संभव असतो. मुलास पालकांचे पूर्ण नाव पाठ करून घ्यावे व खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. मूल चुकल्यास ११२ किंवा बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर, आणि रेल्वेत १३९ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

== बदलते स्वरूप ==

विभक्त कुटुंबे, दोन्ही पालकांची नोकरी आणि आजी-आजोबांचे शहरांतील स्थलांतर यांमुळे महिनाभराचे आजोळ चार-पाच दिवसांवर आले असून त्याची जागा छंदवर्ग, उन्हाळी शिबिरे व आरक्षित सहलींनी घेतली आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. गावाशी नाते न उरलेल्या कुटुंबांतील मुलांना बैलगाडी, गोठा व चुलीवरचे जेवण यांचा अनुभव आता अशा केंद्रांत शुल्क भरून घेता येतो. परदेशस्थ मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या शाळांची सुट्टी जून ते ऑगस्ट या काळात असल्याने त्यांची मुले आजोळी पोचतात ती पावसाळ्यात, आंब्याचा हंगाम सरल्यावर.

सर्वच मुलांना सुट्टीत सहल लाभत नाही. शेतमजूर व बांधकाम कामगारांची मुले अनेकदा आईवडिलांसोबत कामाच्या जागीच असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उन्हाळा हा घराबाहेर पडण्याचा नव्हे, तर गळीत हंगाम संपवून गावी परतण्याचा काळ असतो. सार्वजनिक बागा, ग्रंथालये व स्वस्त वाहतूक यांचे महत्त्व या मुलांच्या संदर्भात अधिक ठरते.

== हेही पहा ==

* माथेरान
* नेरळ–माथेरान रेल्वे
* महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
* वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान
* कृषी पर्यटन
* उष्माघात