गोंदियाला गाडी बदला

कॉम्प्युटरवरची एका प्रोग्राममध्ये तयार केलेली फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये धड का उघडत नाही, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. गोंदियाच्या माणसाला लागत नाही. मुंबईकराला लोकल चुकणं ठाऊक असतं, पण रूळच संपणं ठाऊक नसतं. गोंदियाच्या माणसाने ते पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे. गाडी तीच, माल तोच, प्रवासीही तेच. फक्त पुढचा रूळ वेगळ्या मापाचा. मग उतरा खाली आणि उचला वळकट्या!

नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग १८८० नंतर तयार झाला, तो मीटरगेज. म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित रुंद. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेतला आणि साडेपाच फुटांचा ब्रॉडगेज करून टाकला. झालं, एक कटकट मिटली असं वाटतंय, तोवर विसाव्या शतकाच्या आरंभी बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरकडे जाणारा दुसरा मार्ग आला, तो अडीच फुटांचा! सातपुड्याच्या जंगलातून जाणारी ती चिमुकली गाडी गोंदियाला येऊन मोठ्या गाडीशेजारी उभी राहायची. दोघींमध्ये अंतर एका फलाटाचं, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालणं अशक्य. एकीतला माल उतरवून दुसरीत भरायचा, म्हणजे हमाल आले, पावती आली आणि चढउतारात थोडीफार सांडलवंडही आली. हे असं जवळजवळ शंभर वर्षं चाललं. या शतकातली पहिली वीस वर्षं त्या धाकटीला थोरली करण्यात गेली.

आता ही कथा रेल्वेखात्याकडून काढून कॉम्प्युटरखात्याकडे द्या. एक शब्दही बदलावा लागत नाही.

१९७८ साली वर्डस्टार नावाचा प्रोग्राम आला. त्यावर पत्रं, अहवाल लिहायचे. १९८३ साली लोटस १-२-३ आला. त्यात हिशेबाचे तक्ते करायचे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा वर्डही आला. प्रत्येकाने आपापला रूळ टाकला. सुरुवातीचा वर्डस्टार तर शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतःपुरती एक गुप्त खूण करून ठेवी. घरात सगळं ठीक. पण ती फाईल परक्या प्रोग्रामात उघडली, की प्रत्येक शब्दाच्या शेपटाशी काहीतरी भलतंच चिन्ह डोकावे. वाचणाऱ्याला वाटे, लिहिणाराला उचकी लागली असावी.

म्हणजे मजकूर आपला, घाम आपला, वीजबिलही आपलंच. फक्त पेटीचं कुलूप कंपनीचं. कंपनीने कुलूप बदललं, की आपण आपल्याच मजकुराच्या दारात किल्ली शोधत उभे!

पण हे झालं इंग्रजीचं दुखणं. मराठीचं त्याहून जुनाट आणि हाडात मुरलेलं.

आपल्याकडे शहाणी माणसं नव्हती असं नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं एक प्रमाण ठरलं आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून त्यावर शिक्कामोर्तब झालं. क म्हणजे अमुक आकडा, ख म्हणजे तमुक. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड निघालं आणि त्यातली देवनागरी इस्कीच्या जुन्या आवृत्तीवरूनच बेतलेली होती. म्हणजे ब्रॉडगेज कागदावर तयार होतं. गाड्या मात्र नॅरोगेजवरच धावल्या, कारण कॉम्प्युटरवर मराठी उमटवायची एक सोपी युक्ती लोकांना सापडली होती.

ती युक्ती अशी. कॉम्प्युटरला इंग्रजी येते ना? मग त्याला मराठी शिकवूच नका! इंग्रजी अक्षराचं फक्त चित्र बदला. तो बिचारा आत 'के' लिहितो, आपण पडद्यावर त्याला काना दिसायला लावायचा. म्हणजे नाटकातला राजा. अंगावर जरीचा अंगरखा, आत आपला रोजचा बनियन. फाँट आहे तोवर राजा. फाँट गेला की बनियन.

उदाहरण घरचंच घ्या. कृतिदेव नावाच्या सुप्रसिद्ध फाँटमध्ये 'गोंदिया' लिहायचं तर कॉम्प्युटरच्या पोटात जातं ते असं: एक्स, के, एस, ए, एफ, एन, अर्धविराम, के. ज्या यंत्रात तो फाँट नाही, तिथे तुमचा अख्खा जिल्हा या नावाने उभा राहतो. दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये याच गोंदियासाठी कळा निराळ्या. भंडाऱ्याचा कागद गोंदियात वाचता येईना, शेजारच्या टेबलावरचा या टेबलावर वाचता येईना, अशी सोय झाली. नागरी एकच, पण दर टेबलागणिक भाषा वेगळी.

शिवाय त्यात ती पहिली वेलांटी! हातटंकावर शिकलेला टायपिस्ट 'दि' लिहिताना आधी वेलांटी मारतो आणि मग द, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतं: आधी द, मग वेलांटी. त्यामुळे जुनी फाईल नव्यात नेणाऱ्या प्रोग्रामाला प्रत्येक वेलांटी उचलून अक्षराच्या पलीकडे ठेवावी लागते. हा खरा हमाल. साध्या अक्षरावरून तो वेलांटी बरोबर नेतो. पण पुढे जोडाक्षर आलं, की अर्ध्या वाटेत दमतो आणि ओझं तिथेच टाकतो. 'स्थिती' लिहिलेलं असतं. वेलांटी जायची थ वर, ती अर्ध्या स वर बसून राहते आणि सगळी परिस्थितीच बिघडते.

तसं पाहिलं तर या भागाला स्थलांतराची सवय आहे, आणि तीही जागेवरून न हलता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. शेजारचा बालाघाट तिकडेच राहिला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. दर वेळी साहेब बदलले, शिक्के बदलले, पण कागदाला त्याची दखल नव्हती. कुठल्याही कपाटात ठेवा, उघडला की वाचता यायचा.

कागदालाही एकदा हा अनुभव आला होता म्हणा. नागपूरकर भोसल्यांच्या काळातला मराठी कारभार मोडीत चाले. कागद टिकला, शाई टिकली. मोडी वाचणारे मात्र भराभर कमी झाले. २०२३ साली मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना अचानक भाव आला. दप्तर शाबूत असून उपयोग नाही, ते उकलणारा माणूसही शाबूत असावा लागतो. मोडीला अडचणीत यायला कितीतरी पिढ्या लागल्या. फाँटचं काम एका पिढीत उरकतं.

आमच्या परिचयाचे आमगावकडचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी झाडीबोलीतले शब्द, म्हणी, दंडारीतली जुनी बोलणी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून वह्यांत उतरवली. मग हौसेने एकाकडून टाईप करून फ्लॉपीवर घेतली. वह्या वाळवीने खाल्ल्या. फ्लॉपी वाळवीला आवडत नाही, म्हणून ती उरली. पुढे एका पोराने खटपट करून ती उघडली, तर सगळा अर्धविरामांचा बाजार! फाँट टाईप करणाऱ्याबरोबर गेलेला.

त्या पोराने फाँटची जात ओळखून मजकूर युनिकोडमध्ये आणला. बराचसा आलाही. पण वेलांट्या वाटेत सांडल्या होत्या, आणि उरलेलं काम शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामाने केलं. गुरुजींनी मुद्दाम 'पानी' लिहिलेलं. त्याने ते ठिकठिकाणी 'पाणी' करून टाकलं. गुरुजी म्हणाले, "अरे बाबू, तुझा मास्तर पुन्याचा दिसते! सगळी बोलीच धुऊन टाकली त्यानं."

मग एक महिनाभर गुरुजी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसले आणि पोरगा एकेक ओळ वाचून दाखवू लागला. जिथे अडलं तिथे गुरुजी डोळे मिटून शब्द म्हणून दाखवत. त्यातले काही शब्द ज्यांच्याकडून ऐकले ती माणसं कधीच गेलेली. ते आता फ्लॉपीत होते आणि गुरुजींच्या डोक्यात होते. तिसरी जागा नव्हती. गुरुजींचं वय ब्याऐंशी. काम पुरं झालं, म्हणून हे हसत लिहिता येतंय.

जगातही शहाणपण उशिरानेच आलं. कार्यालयीन फायलींचं आंतरराष्ट्रीय खुलं प्रमाण, ओपन डॉक्युमेंट, २००६ साली मान्य झालं. म्हणजे पेटीच्या कुलपाचा नकाशा सर्वांना खुला. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसबरोबर फाईलचा नवा नमुना आणला. तोही २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला, भारताने विरोधात मत देऊनसुद्धा. एक प्रमाण असावं म्हणून निघाले आणि दोन प्रमाणं घेऊन परतले. आपल्याकडे यालाच समिती म्हणतात.

याच आमगावाजवळच्या पदमपूरला संस्कृत नाटककार भवभूतीचं गाव मानतात. आपल्याला समजून घेणारा कुणीतरी कधी ना कधी जन्माला येईल, असा त्याला मोठा भरवसा होता. तो खराही ठरला, कारण बाराशे वर्षं कुणी ना कुणी त्याची पोथी जुनी झाली की नव्या पानांवर उतरवून घेत होता. भवभूतीने वाचकाची चिंता केली. फाईलची चिंता इतरांनी केली.

तेव्हा घरात जुनी फ्लॉपी, जुनी सीडी, वडिलांनी टाईप करून ठेवलेलं कुलवृत्त असं काही असेल, तर ते आजच नव्या रुळावर घ्या. शक्य तर शेजारी कागदावर छापूनही ठेवा. यंत्र मागाहून केव्हाही मिळेल. पण मूळ शब्द काय होता हे सांगणारा माणूस फलाटावर उभा आहे, तोवरच गाडी बदलून घ्यावी.