एमडीआर टीबीच्या उपचारात पुन्हा पुन्हा ईसीजी का काढतात?

पनवेल, उरण, कर्जत भागातले एमडीआर टीबीचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आजार फुप्फुसाचा, मग ईसीजी कशाला?" प्रश्न रास्त आहे. काही औषधांचा हृदयाच्या विद्युत लहरींवर परिणाम होतो, तो पाहण्यासाठी हा ईसीजी असतो.

क्यूटी म्हणजे काय?

प्रत्येक ठोक्याला विजेची लहर हृदयभर पसरते आणि स्नायू आकुंचन पावतो. मग पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि त्या पुढच्या ठोक्यासाठी सावरतात. खालच्या कप्प्यांतला हा सगळा काळ म्हणजे क्यूटी. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेल्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात. पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत तो ठीक समजतात.

सावरणं लांबलं, तर अर्धवट सावरलेल्या पेशी मध्येच ठोका टाकतात. त्यातून कधी कधी अतिवेगवान, वेडेवाकडे ठोके सुरू होतात. रक्त पुढे ढकललं जात नाही, माणूस बेशुद्ध पडतो, क्वचित दगावतोही. क्यूटीसी ५०० च्या पुढे गेला की हा धोका बराच वाढतो. त्याआधी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणून तर ईसीजी.

औषधं बंद करायची का?

मनाने मुळीच नाही. भारतात २०१६ पासून वापरात असलेलं बेडाक्विलिन, तसंच मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि क्लोफाझिमिन क्यूटी लांबवतात, हे खरं. पण अर्धवट सोडलेला टीबी त्याहून घातक. आकडा वाढला तर औषध थांबवायचं की बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील.

माझ्या मते खरी गडबड घरी होते. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतं, त्यानेही क्यूटी लांबतो. आणि त्याच वेळी केमिस्टकडून परस्पर आणलेली उलटीची ऑन्डॅनसेट्रॉन किंवा सर्दी-खोकल्यासाठी घेतलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यात भर घालते. म्हणून जुलाब-उलट्या सुरू झाल्या की आधी टीबी केंद्राला कळवा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही आवर्जून सांगा.

चक्कर येऊन शुद्ध गेली किंवा छातीत जोरात धडधडलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सगळ्या गोळ्या सोबत न्या.

बेडाक्विलिन शरीरातून फार हळू बाहेर पडतं. त्यामुळे कोर्स संपल्यावरही काही महिने प्रत्येक नव्या डॉक्टरांना त्याबद्दल सांगा.