पुलाची दोन टोकं

सायकल ही बसायची वस्तू आहे, हे मला तसं उशिराच कळलं. लहानपणी माझी समजूत अशी, की सायकल खांद्यावर घ्यायची असते. कारण आमचं घर रुळांच्या अलीकडे आणि दादांची कचेरी पलीकडे. मध्ये रेल्वेचा पादचारी पूल. दादा रोज सकाळी सायकलचा दांडा खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायचे आणि मी मागून कॅरियर धरून हातभार लावायचो, म्हणजे लोंबकळायचो. पुलाचा नकाशा काढणाऱ्याने उभ्या जन्मात सायकल पाहिली नसावी, असं दादांचं ठाम मत होतं.

मी बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. पुलाशी माझा संबंध चढण्या-उतरण्यापुरता. पण हिशेब दिसला की माझे हात शिवशिवतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि मागे चौदा डबे. त्या काळी पूल कोणाला हवा होता? लोक गाडी चुकवायला नव्हे, बघायला रुळांशी यायचे. पुढे गाड्या वाढल्या, बघ्यांचे पादचारी झाले आणि पूल आले. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. गाडीच्या डोक्यावर तारा आल्या आणि तारांच्या वर पूल गेला. सोय गाडीची, चढ आपल्या गुडघ्यांना!

आता हिशेब बघा. आजच्या विजेच्या तारांवरून जायचं तर पूल साधारण साडेसहा मीटर उंच हवा. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस पायऱ्या झाल्या. सायकलला पायऱ्या चालत नाहीत, तिला चढण लागते. वीस मीटरला एक मीटर असा सोसवेल इतका चढ दिला, तर एका बाजूला एकशेतीस मीटर. उतरायला तेवढेच. म्हणजे चार मार्गांचे वीसेक मीटर ओलांडायला दोनशे साठ मीटरची चढउतार! मुद्दल वीस, व्याज दोनशे साठ. असं कर्ज आमच्या शाखेत सावकारसुद्धा घेणार नाही. म्हणून तर माणसं इकडेतिकडे बघून रुळांवरूनच पळतात आणि काही जण पलीकडे पोचत नाहीत. रुळांखालून भुयार काढलं तर चढउतार कमी, कारण माणसाला डोक्यावर तारा लागत नाहीत. पण आपल्याकडे जून उजाडला की त्यात पोहता येणाऱ्यांचीच सोय.

थोडक्यात, पुलाचा खर्च मधे नसतो, टोकांना असतो. आमच्या शाखेचंच बघा. नूतनीकरणात हॉल दुप्पट झाला, कुंड्या आल्या, खिडकी मात्र एकच राहिली. हॉल कितीही ऐसपैस असो, गर्दी खिडकीशीच होते.

हा विनोद मी बरीच वर्षं सांगत होतो. २९ सप्टेंबर २०१७ नंतर तो सांगवेना. दसऱ्याचा आदला दिवस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पुलावर सकाळी पावसामुळे माणसं थांबून राहिली, गाड्यांतून नवी येत राहिली. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारा तो भाग; गिरण्या गेल्या, कचेऱ्या आल्या, जिना तेवढाच राहिला. पूल पडला नाही. त्याचं काहीसुद्धा मोडलं नाही. अरुंद जिन्यावर चेंगरून तेवीस माणसं गेली.

मग लष्कराला पाचारण झालं आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तिथे नवा पूल खुला झाला. तो बेली पद्धतीचा. हे डोनाल्ड बेली ब्रिटिश युद्धखात्यातले सरकारी नोकर. पुलांच्या प्रतिकृती करायचा त्यांना नाद. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी असा पूल योजला, की त्याची एकेक चौकट सहा माणसांनी उचलावी आणि खिळणीने जोडावी, क्रेन नको. एका नोकरदाराला एवढं सुचलं, याचा आम्हा कारकुनांना अभिमान आहे. मला आवडलं ते हे, की पूल आखताना त्याने आधी उचलणाऱ्या माणसाचा विचार केला.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. तिथे नवा पूल होणार म्हणून मी उत्साहाने दादांना सांगितलं, "दादा, चांगला रुंद आहे म्हणे!"

दादांची सायकल आता माळ्यावर आहे आणि हातात काठी. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "पूल असेल रे. जिना केवढा आहे?"