नडगीवरची हातोडी

१९८४ साली, ड्राफ्टच्या तोंडावर, पोर्टलंड संघाच्या डॉक्टरांनी सॅम बोवीच्या डाव्या नडगीवर छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं. दुखतंय का, म्हणून विचारलं. सात फूट एक इंच उंचीचा तो तरुण म्हणाला, काहीच होत नाही. आत मात्र कळ येत होती. हे त्याने स्वतः सांगितलं, पण २८ वर्षांनी, २०१२ सालच्या एका माहितीपटात. घरची माणसं होती, गरज होती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही हेच केलं असतं, असं त्याचं म्हणणं.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत आज कोणताही संघ नव्या खेळाडूवर बोट ठेवण्याआधी त्याच्या हाडांची कुंडली मांडतो. गुण किती, धोका किती, याचा हिशेब होतो. या रिवाजाचं कूळ शोधत मागे गेलं, की पाय त्या हातोडीपाशी येऊन थांबतात.

ड्राफ्टची पद्धत १९४७ पासूनची. नव्या खेळाडूंमधून संघांनी पाळीपाळीने एकेक निवडायचा आणि दुबळ्या संघांना आधी संधी द्यायची, हे तिचं मूळ तत्त्व. त्यामुळे वरचा क्रमांक क्वचितच हाती लागतो, आणि तो वाया गेला तर शहर वर्षानुवर्षं हळहळतं. पोर्टलंडला ही हळहळ आधीपासून ठाऊक होती. १९७४ साली पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या बिल वॉल्टनने १९७७ मध्ये त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. ते आजवरचं त्यांचं एकमेव. पुढच्याच वर्षी त्याच्या पायाचं हाड मोडलं. झालेल्या उपचारांवर नाराज होऊन त्याने त्यानंतरचा अख्खा हंगाम बाहेर बसून काढला, आणि मग संघच सोडला.

त्यामुळे १९८४ मध्ये दुसरा क्रमांक हाती आला तेव्हा पोर्टलंड सावध होतं. पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने हकीम ओलाजुवानला उचललं होतं. पोर्टलंडला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवा होता. मायकल जॉर्डनही त्याच ड्राफ्टमध्ये होता, पण त्याच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता. बोवी नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या चिरेमुळे, कॉलेजचे दोन हंगाम खेळलाच नव्हता. पण तिसऱ्या वर्षी तो उभा राहिला आणि पूर्ण हंगाम खेळला. पोर्टलंडने त्याची तासन्‌तास तपासणी केली, हातोडी वाजवली आणि त्याचं नाव पुकारलं. जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोकडे गेला.

एका हंगामात ८२ सामने असतात. बोवी पहिल्या हंगामात ७६ खेळला. पुढचे आकडे असे : ३८, ५, शून्य, २०. नडग्या पुन्हा पुन्हा मोडत राहिल्या. तिकडे जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदं मिळवून दिली. पण या कथेतला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. दुसऱ्या हंगामातल्या तिसऱ्याच सामन्यात जॉर्डनच्याही डाव्या पायाचं हाड मोडलं, आणि त्या वर्षी तो अवघे १८ सामने खेळला. निवडीच्या दिवशी या हाडाविषयी कोणतीही हातोडी काही सांगू शकली नसती.

ते हाड नॅव्हिक्युलर. घोट्याच्या पुढे, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर बसलेलं, होडीच्या आकाराचं छोटंसं हाड. उडी मारून खाली येताना शरीराचा भार त्याच्यावर येतो, आणि त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने चीर लवकर सांधत नाही. वॉल्टनचं हेच हाड मोडलं होतं, जॉर्डनचंही हेच.

२००७ मध्ये पोर्टलंडवर पुन्हा तीच वेळ आली. पहिल्या क्रमांकावर त्यांनी ग्रेग ओडनला घेतलं. केव्हिन ड्युरांट दुसरा गेला. कॉलेजचा हंगाम सुरू होण्याआधी ओडनच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली होती. पण पोर्टलंडमध्ये येताच दगा दिला तो गुडघ्याने. पहिला हंगाम पूर्ण बुडाला, आणि सगळी कारकीर्द १०५ सामन्यांत आटोपली. याच्या उलट उदाहरण ड्वान ब्लेअरचं. त्याच्या दोन्ही गुडघ्यांत एसीएल हा मुख्य अस्थिबंधच नव्हता. त्या भीतीने २००९ मध्ये तो ३७व्या क्रमांकापर्यंत घसरला. सॅन अँटोनियोने त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो सगळे ८२ सामने खेळला.

या हिशेबाला खरं वळण मिळालं २०१४ मध्ये. ड्राफ्टला आठवडाही उरला नसताना जोएल एम्बीडच्या त्याच होडीच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली. तरीही फिलाडेल्फियाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. संघ नव्याने उभारायचा होता, लगेच जिंकायची घाई नव्हती. दोन हंगाम तो मैदानात उतरलाच नाही. २०२३ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुखण्यांनी त्याचा पिच्छा सोडलेला नाही, पण फिलाडेल्फियाने हिशेब नेमका मांडला होता. हा मोडेल का, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. मोडला तर आपण थांबू शकतो का, याचं उत्तर मात्र ज्याचं त्याला देता येतं.

एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३च्या करारानुसार ड्राफ्टपूर्व शिबिराला बोलावलेल्या खेळाडूंना वैद्यकीय तपासणी आता सक्तीची झाली आहे. तपासणी जरूर व्हावी. पण दुखतंय म्हटल्याने तोंडचा घास जाणार असेल, तर विशीतला पोरगा नाहीच म्हणणार, मग यंत्रं कितीही आली तरी. खरं सांगणाऱ्याला सांभाळून घेणारा संघच त्याचं दुखणं वेळेत ओळखू शकेल. शेवटी संघाची एक निवड चुकते. पाय मात्र त्या मुलाचा जातो.

बोवीला आजही खेळाच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक म्हणतात. ज्याच्या नावावर ही चूक मांडली जाते, तो दोन्ही नडग्या मोडूनही पुन्हा उभा राहिला आणि एनबीएत दहा हंगामांत ५११ सामने खेळला.