खुर्ची राखीव, पण कारकून कुणाच्या हातात?

महाडचा इतिहास आपण 20 मार्च 1927 पासून सांगतो. त्याआधीचे पान घाईने उलटतो. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केले. तेही कागदावरच! अंमलबजावणी करणारे कुणी नव्हते. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला.

यातून दोन धडे मिळतात. यंत्रणेशिवाय ठराव मुका असतो; आणि सभागृहाने दिलेले सभागृहच काढून घेऊ शकते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. गोलमेज परिषदेत त्यांनी कायदेमंडळातील जागांबरोबर सरकारी नोकऱ्यांतील वाटाही मागितला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले, की संविधानाचे रूप न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलून संविधान निकामी करता येते. म्हणूनच प्रशासनाचे तपशील संविधानात लिहिले गेले.

आता अहिल्यानगरकडे या. 2003 साली इथे महापालिका झाली. 74 व्या घटनादुरुस्तीमुळे राखीव जागा मिळाल्या. 2021 साली महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होते. पण 1949 च्या महापालिका अधिनियमानुसार कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे आहे आणि नवीन पद निर्माण करायला राज्य सरकारची मंजुरी लागते. मग आपल्या नगरसेविकेला अंदाजपत्रक कोण समजावणार? दलित वस्ती सुधार योजनेची फाईल कुठे अडली, हे कोण शोधणार?

या जिल्ह्यात ज्याच्या पाठीशी कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था आहे, त्याला पालिकेचा कारकून लागत नाही. त्याची माणसे आधीच कामाला असतात. मजुराच्या घरातून आलेल्या प्रतिनिधीकडे फक्त खुर्ची असते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: महापौर, समिती सभापती आणि नगरसेवकांसाठी किमान कर्मचारीसंख्या कायद्यानेच ठरवा. पालिकेचा ठराव पुरेसा नाही. त्याचे काय होते, ते महाडने दाखवले आहे. तरतूद राज्याच्या अधिनियमातच हवी.

काही जण म्हणतील, तिजोरीवर बोजा पडेल, नातेवाइकांची भरती होईल. बोजा नको तर आहे त्याच आस्थापनेतून माणसे द्या. प्रत्येक प्रभागामागे एक प्रशिक्षित लिपिक ही मोठी चैन नव्हे. भरती करायचीच झाली तर ती स्पर्धा परीक्षेने आणि आरक्षणाचे नियम पाळूनच व्हावी. प्रतिनिधीने नेमलेला खासगी माणूस आम्हालाही नको.

मित्रांनो, पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्याला रस्ता, गटार विचाराच. पण सत्ता चालवणारी यंत्रणा आमच्या प्रतिनिधीला कधी देणार, हेही विचारा.

जय भीम! जय संविधान!