संगणक खेळांचे मेळावे आणि चोरट्या प्रती

गोंदिया, तिरोडा वा देवरी येथे युवकांसाठी संगणक खेळांची स्पर्धा भरविताना विकत घेतलेली एकच प्रत सर्व संगणकांवर चढविण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळावा.

कायदा : १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले. त्यानुसार संगणक आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर नफ्यासाठी नसल्यास न्यायालय विशेष कारणे नमूद करून कारावास टाळू शकते; तरीही ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आम्ही प्रवेश शुल्क घेत नाही’ एवढा बचाव म्हणूनच पुरत नाही.

आयोजकांनी काय करावे : खेळांची यादी आधी ठरवावी. परवाना किती संगणकांपुरता आहे व स्पर्धेस चालतो का, हे वाचावे. कुणी चोरटी प्रत आणल्यास त्यास चारचौघांत न लाजविता समजवावे आणि दुसरा खेळ द्यावा. ‘सुपरटक्सकार्ट’ हा शर्यतीचा खेळ मुक्त परवान्याचा आहे. तो कितीही संगणकांवर विनामूल्य घालता येतो.

पैसे नसलेल्या मुलालाही खेळता यावे. त्यासाठी त्याला चोरीची सवय लावण्याची गरज नाही.